हजेरीपट आणि शिलालेख



इतिहासावर बोला, असे या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी सांगितले तेव्हा आम्ही आधी नकारच दिला होता. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. तेराव्या वर्षी आम्ही एका जिनिंगमध्ये सरकीची पोती उचलायला लागलो. पुढे जे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतले एक कपाट आणि गावचे वाचनालय यांच्या कृपेने झाले. या मांडवात मोठमोठे प्राध्यापक बोलून गेले आहेत. त्यांच्या जागी उभे राहून आम्ही राजांच्या वंशावळी सांगू लागलो तर ते शोभणार नाही. पण चालकांनी आग्रह सोडला नाही. ते म्हणाले, "तुम्ही कामगारांची सहल नेली होती ना, तिचीच हकीकत सांगा." तेव्हा आज सहलीची हकीकत सांगतो. तिच्यातून इतिहास किती निघतो ते आपण ठरवावे.

सहलीचे मूळ आमच्या एका ख्रिस्ती सोबत्यात आहे. हे गृहस्थ आयुष्यभर गवंडीकाम करीत आले. त्यांच्या मंडळीतले तीसएक लोक वर्गणी साठवून मिसर, इस्राएल आणि जॉर्डन अशा पवित्र भूमीच्या यात्रेला गेले, त्यांत हेही होते. परत आल्यावर एका रविवारी आम्ही त्यांना कचेरीत बोलावले. आमची अपेक्षा अशी की, येशूचा जन्म कोठे झाला, क्रूस कोठे उभारला, हे ते सांगतील. तेही त्यांनी भक्तिभावाने सांगितले. परंतु माणूस पडला गवंडी. यरुशलेमेत त्यांच्या मनात जे ठसले ते एक भुयार होते.

हिज्कीया राजाच्या काळी, म्हणजे इ. स. पू. ७०० च्या सुमारास, शत्रूचा वेढा पडेल या भीतीने गावाबाहेरच्या झऱ्याचे पाणी खडकातून खोदून आत शिलोहाच्या तळ्यात आणले गेले. भुयाराची लांबी सुमारे ५३३ मीटर. खोदणाऱ्यांच्या दोन टोळ्या दोन टोकांनी निघाल्या आणि मध्ये येऊन भेटल्या. १८८० साली त्या भुयाराच्या भिंतीवर एक सहा ओळींचा लेख सापडला. आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. लेखात काय आहे? तीन हात खडक उरला असता पलीकडच्या माणसाने हाक मारलेली अलीकडच्यांना ऐकू आली, मग कुदळीवर कुदळ भिडली आणि पाणी वाहू लागले, एवढेच. राजाचे नाव त्यात नाही. देवाचेही नाही. आमचे सोबती म्हणाले, "भाऊ, मी चाळीस वर्षं भिंती बांधल्या. पण काम करणाऱ्यानं कामाविषयी भिंतीवर लिहिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं."

त्यानंतर महिनाभर आमच्या कचेरीत दुसरा विषय निघाला नाही. निर्गमाच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय मोठ्याने वाचला गेला. फारोने इस्राएली मजुरांना विटांच्या मातीत घालायचा भुसा देणे बंद केले आणि वर हुकूम केला की, भुसा तुम्हीच गोळा करा, विटांचा आकडा मात्र एकानेही कमी होता कामा नये. आकडा भरला नाही तेव्हा मार कोणाला बसला? त्याच मजुरांतून नेमलेल्या मुकादमांना. ज्यांनी वीटभट्टीवर उचल घेऊन काम केले आहे त्यांना या अध्यायाची टीका लागली नाही.

मग आम्हीही वाचनालयात बसून थोडे शोधले. मिसर देशात राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे एक गाव होते. त्याला आज देर-अल-मदिना म्हणतात. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ११५७ च्या सुमारास, त्यांचे मजुरीचे धान्य थकले. तेव्हा ते हत्यारे ठेवून निघाले आणि देवळांमागे जाऊन बसले. लेखी नोंद असलेला जगातला हा पहिला संप समजला जातो. ही नोंद तूरिन येथील एका पपायरसवर आहे. त्याच गावातला त्याहून जुना असा एक हजेरीपट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चुनखडीच्या चिपेवर चाळीस कामगारांची नावे आहेत आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या दिवशी गैरहजर होता आणि का, ते लिहिले आहे. एकाला विंचू चावला, एकाच्या घरी बिअर गाळायची होती, एक आपल्या आईच्या प्रेताला वस्त्रे गुंडाळत होता. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची ती रजेची कारणे आहेत!

हे आम्ही वाचून दाखवीत असताना मागच्या बाकावर बसलेल्या एका बाई हळूच म्हणाल्या, "त्यांची हजेरी राहिली बगा. आमची वीस वर्साची राहिली न्हाई."

या बाईंना आम्ही सारे मावशी म्हणतो. त्यांच्याविषयी दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत. मावशींनी वीस हंगाम एका जिनिंगमध्ये कापूस निवडला आणि रेच्यावर घातला. हंगाम दिवाळीनंतर सुरू होई तो होळीपर्यंत चाले. कारखाना बंद झाला तेव्हा चौदा बायांनी भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान यांसाठी मागणी केली. कायदे होते. निधीचा १९५२ चा आणि उपदानाचा १९७२ चा. परंतु मालकाच्या हजेरीपटात या बायांची नावेच नव्हती. त्या मुकादमाच्या माणसे म्हणून येत आणि मुकादमाची वही हंगाम संपला की रद्दीत जाई. ज्या नऊ जणींनी मजुरीच्या चिठ्ठ्या, एखादी पावती, अपघाताचा दवाखान्याचा कागद असे काही जपून ठेवले होते, त्यांचे काम तडजोडीने झाले. पाच जणींपाशी काही नव्हते. त्यांचे काही झाले नाही. मावशी या पाचांपैकी एक. ते प्रकरण आम्हीच लढवले आणि आम्हीच हरलो. हंगाम चालू असताना चिठ्ठ्या जपून ठेवा असे आम्ही सांगायला हवे होते, ते आमच्या डोक्यात आले नाही.

अशा मंडळींची सहल काढायची ठरली. यरुशलेम आणि मिसर आमच्या ऐपतीबाहेरचे. पण नांदेड-लातूरच्या मुलखात जुनी ठिकाणे काय कमी आहेत? तीन दिवसांसाठी एक बस ठरवली. बेचाळीस माणसे निघाली. हमाल, गवंडी, वीटभट्टीवाले, वडार, शिवणकाम करणाऱ्या बाया आणि इतिहास समजावून सांगायला एक सेवानिवृत्त गुरुजी. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा असे ठरले: हे कोणी केले?

पहिला मुक्काम कंधार. नांदेडहून दीड-दोन तासांची वाट. राष्ट्रकूटांच्या काळी हे मोठे नगर होते. किल्ला, खंदक आणि जगत्तुंग नावाचा विस्तीर्ण तलाव यांवरून त्याची कल्पना येते. जगत्तुंग ही राष्ट्रकूट राजांची पदवी. क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे तुकडेही येथे सापडले आहेत. मूर्ती उभी होती तेव्हा पन्नास फुटांहून उंच असावी, असे जाणकार सांगतात. गुरुजी राजांची नावे सांगत होते. आमची माणसे मात्र तलावाच्या पाळीकडे पाहत होती. त्यांतल्या वयस्कांनी १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावांवर माती वाहिली आहे, खडी फोडली आहे आणि सुकडी खाऊन दिवस काढले आहेत. एक वडार म्हातारा पाळीवर बसून बोटांवर हिशेब करू लागला. शंभर घनफूट माती म्हणजे एक ब्रास. एका जोडप्याने दिवसात किती खणायची, किती पाट्या वाहायच्या. थोड्या वेळाने त्याने हिशेब सोडून दिला आणि म्हणाला, "पिढी गेली असंल ह्याच्यात." मावशी तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. त्यांनी आठवण काढली की, दुष्काळी कामावर मस्टर होते आणि त्यात त्यांचे नाव वडिलांच्या नावाखाली लागे. त्यांच्या कष्टाच्या आयुष्यात सरकारी कागदावर नाव आले ते दुष्काळात.

रात्री लातुरास उतरलो. राष्ट्रकूट आपल्याला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत, म्हणजे श्रेष्ठ नगर जे लट्टलूर त्याचे स्वामी. हे लट्टलूर म्हणजेच आपले लातूर, असे विद्वान मानतात. ज्या घराण्याने वेरूळचे कैलास लेणे खोदविले, त्याने राजधान्या बदलल्या तरी मूळ गावाचे नाव शिलालेखांतून सोडले नाही. गुरुजींनी हे सांगताच लातूरच्या मंडळींचा ऊर भरून आला. आम्हालाही बरे वाटले. गावाचे नाव सांगण्याची हौस राजाला असते तशी ती हमालालाही असते.

दुसऱ्या दिवशी औसा तालुक्यातील खरोसा. येथील लेणी साधारणपणे सहाव्या शतकातली मानतात. आत शिवपार्वती आहेत, नृसिंह आहे, रावण आहे. डोंगर जांभ्या दगडाचा. हा दगड ओला आणि ताजा असता मऊ कापला जातो, उन्हावाऱ्याने कठीण होतो आणि त्याच्या भोकाभोकांमुळे बारीक नक्षी त्यावर टिकत नाही. हे आम्हाला गुरुजींनी नव्हे, त्या वडार म्हाताऱ्याने सांगितले. भिंतीवरून हात फिरवीत तो म्हणाला, "वरून खाली येत गेलेत. मचाण बांधायला लागू नये म्हणून." छतापासून जमिनीकडे खोदत यायचे, ही आपल्याकडच्या लेण्यांची पद्धत पुस्तकांतही तशीच दिली आहे. पुस्तकात न वाचलेली गोष्ट त्याने दगडात वाचली. खोदणाऱ्यांची नावे मात्र त्यालाही कोठे दिसली नाहीत.

किल्लारी याच तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचे येथे कोणाला सांगायला नको. त्या वेळी आम्ही ऐन विशीत होतो आणि महिनाभर ढिगारे उपसण्याच्या कामावर होतो. पुढे बावन्न गावे नव्या जागी बसवली गेली आणि घरे दिली गेली ती जमिनीच्या मापाने. भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, त्यावरच्यांना ४००, मोठ्या जमीनदारांना ७५०. सातबाऱ्यावर नाव किती एकरांपुढे आहे, यावर छप्पर किती लांब हे ठरले. घरे मिळाली हे उपकारच झाले, ते आम्ही नाकारीत नाही. पण कागदावरचे नाव म्हणजे केवढी वस्तू असते, हे आम्ही तेथे शिकलो.

परतताना औशाचा भुईकोट पाहिला. येथे बसमध्ये वाद झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. एक तरुण म्हणाला, "हा किल्ला मुसलमानांचा, ह्यात आपलं काय आहे?" गाडीत आमचे तीन मुसलमान सभासद होते, त्यांतला एक हमाल त्याच्याच शेजारी बसलेला. क्षणभर कोणी बोलेना. मग गुरुजींनी मलिक अंबरची गोष्ट सांगितली. हबशी देशात सोळाव्या शतकाच्या मध्यास जन्मलेला हा मुलगा गुलामांच्या बाजारात विकला गेला. बगदादेत पुन्हा विकला गेला. धन्याने त्याला अंबर हे नाव दिले. पुढे तो दक्षिणेत आला आणि निजामशाहीच्या चंगीझखान या पेशव्याच्या पदरी राहिला. त्या पेशव्यापाशी असे हजारभर हबशी गुलाम होते म्हणतात. त्यांतला हा एक वर चढला. मोगलांशी जन्मभर झुंजला, जमिनीची मोजणी करून सारा बांधला, खडकी वसवली आणि तिला नहरीचे पाणी दिले. १६२६ साली तो वारला. हा औसा त्याने जिंकला तेव्हा गावाचे नाव ठेवले अंबरापूर.

ज्याचे स्वतःचे नाव बाजारात बदलले गेले त्याने गावाला आपले नाव दिले! यावर तो हमाल म्हणाला, "गुरुजी, बाकीचे नऊशे नव्याण्णव कुठं गेले?" तो वादी तरुण यावर काही बोलला नाही. उतरताना मात्र त्याने त्या हमालाची पिशवी हातात घेतली. वाद मिटला असे आम्ही म्हणणार नाही. मोर्चात एका दोरीला हात लावणारी माणसे बसमध्ये वेगळी बसतात, हे आम्ही पाहिले आहे.

तिसऱ्या दिवशी तेर. हे गाव शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात आहे, पण लातूरहून एका दिवसात जाऊन येता येते. संत गोरा कुंभार यांचे हे गाव. त्याहूनही जुनी त्याची ओळख म्हणजे तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसरमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्राच्या आणि आपल्या किनाऱ्याच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्याचे स्वतःचे नाव आपल्याला माहीत नाही. तो सांगतो की, पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे, आणि तेथून साधे सुती कापड, तलम कापड असा माल गाड्यांत घालून वाटा नसलेल्या मुलखातून भडोच बंदरास नेतात. ते तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट या संशोधकाने १९०१ साली दाखवून दिले. भडोचहून जहाजे मिसरच्या बेरेनिके बंदरास जात. तेथील उत्खननात आपल्याकडच्या सुती कापडाचे तुकडे मिळाले आहेत. म्हणजे बायबलातली शेवटची पुस्तके लिहिली जात होती त्या शतकात, आपल्या काळ्या रानातला कापूस सूत होऊन, कापड होऊन, बैलगाडीने आणि गलबताने त्या देशांकडे जात होता. आमचे ख्रिस्ती सोबती हे ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आपण आधीच जाऊन आलो होतो."

तेरचे त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे. ते मूळचे बौद्ध चैत्यगृह, पुढे विष्णूचे देऊळ झाले. तेरच्या जुन्या विटांची ख्याती अशी की, त्यांतल्या काही पाण्यावर तरंगतात. आमच्या वीटभट्टीवाल्याने कारण तत्काळ सांगितले: मातीत भुसा, तूस मिसळले म्हणजे भाजताना ते जळून जाते, आत पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते. फारोच्या विटांतला भुसा वेगळ्या कामाचा. त्या उन्हात वाळवायच्या विटा, त्यांत भुसा माती धरून ठेवी. परंतु मातीत काय मिसळावे याची अक्कल नाईलकाठी आणि तेरणाकाठी माती तुडवणाऱ्याच्याच पायात होती.

गावात रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर जमवलेल्या वस्तूंचे सरकारी संग्रहालय आहे. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. इटलीत पॉम्पेई या इ. स. ७९ साली ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या शहरात १९३८ साली अशीच एक हस्तिदंती मूर्ती मिळाली. दोघी बहिणी शोभाव्यात. मणी आहेत, मातीच्या बाहुल्या आहेत. मावशी त्या काचेच्या पेट्यांपुढून फिरत होत्या. मग त्यांनी विचारले, "भाऊ, ते कापड इणणारे, कापूस येचणाऱ्या बाया, ह्येंची हजेरी कोण मांडत व्हतं ओ?"

आम्ही सभांतून अनेकदा म्हटले आहे की, राजांचा इतिहास खोटा आणि कामगारांचा तेवढा खरा. मावशींना तेच उत्तर देऊन टाकावे असे तोंडाशी आले होते. पण गुरुजींनी आम्हाला थांबवले आणि नाशिकच्या लेण्यांतला एक लेख सांगितला. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या वस्त्रांसाठी ३००० कार्षापण ठेव ठेवली. ती कोठे ठेवली? गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज चालू राहील. कोणी सावकारावर ठेवत नाही एवढा भरवसा एका राजजावयाने विणकरांच्या संघटनेवर ठेवला! आणि कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने दरवाजाचे काम दान दिल्याचे त्याच्या नावानिशी कोरले आहे.

गुरुजींचे म्हणणे असे की, उषवदाताचा लेख नसता तर त्या विणकरांची श्रेणी आपल्याला कळलीच नसती. हे आम्हाला मान्य करावे लागले. राजाचा लेख खोटा नसतो, अपुरा असतो. श्रेणी होती म्हणून ती लेखात आली. सामी सुताराने आपले नाव कोरवून घेतले म्हणून ते राहिले. यरुशलेमच्या भुयारात पाथरवटांची हाक राहिली. देर-अल-मदिनातला विंचू चावलेला माणूस राहिला, कारण त्या गावात कोणीतरी रोज लिहीत होते. खरोसा येथे तसे कोणी लिहिले नाही, किंवा लिहिले असेल तर ते टिकले नाही. आमच्या जिनिंगमध्येही कोणी लिहिले नाही. कोट्यवधी हात कामाला लागले आणि त्यांतले मूठभर लिहिले गेले. जेथे काम करणारे एकत्र होते, आणि त्यांच्यापैकी एकाला तरी लिहिता येत होते, तेथे नाव राहण्याची शक्यता वाढली, एवढेच आम्ही या सहलीत शिकलो.

मावशींना आम्ही हेच सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "मग आता लिवा की."

तेव्हापासून आमच्या कचेरीत एक वही ठेवली आहे. जिनिंगमध्ये, गिरणीत, अडतीवर, भट्टीवर, रस्त्याच्या कामावर ज्याने ज्याने काम केले त्याचे नाव, कामाचे नाव, ठिकाण आणि वर्षे तीत लिहितो. सोबत असलेली चिठ्ठी, पावती, बिल्ला यांची नोंद करतो. त्याने कोणाचे थकलेले पैसे मिळतील असे आश्वासन आम्ही देत नाही. मावशींचे मिळणार नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे. पण जे आज ठेकेदाराकडे, कोणत्याही पटावर नाव नसताना, राबत आहेत त्यांनी ही चिठ्ठी जपण्याची सवय लावली तर पुढचे प्रकरण आम्ही कदाचित हरणार नाही. दोन वह्या भरल्या, तिसरी चालू आहे.

मावशींचे नाव आम्ही या व्याख्यानात घेतले नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल. नावाविषयी तासभर बोलणाऱ्याने तेच चुकवावे हे विचित्र दिसते. कारण त्यांनीच सांगितले, "छापू नका भाऊ, पोरगा अजून त्याच बाजारात पोती उचलतो." इतके दिवस लोटले तरी नाव छापायची भीती वाटते, हाही इतिहासच आहे आणि तो अजून संपलेला नाही.

ती तिसरी वही आज मांडवाच्या दाराशी टेबलावर ठेवली आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरात गिरणीत गेलेले वडील असतील, रेच्यावर बसलेली आजी असेल, त्यांनी जाताना थांबून दोन ओळी लिहाव्यात. लेखणी तेथेच दोऱ्याला बांधली आहे. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर मावशींचे नाव आहे. ते त्यांनी स्वतः, एकेक अक्षर जोडीत, लिहिले आहे.